त्र्याहत्तर, त्र्याण्णव, एक्याण्णव, तेहतीस

अठराव्या डब्याचे पहिले तीन आकडे आले, आणि मग काही आलंच नाही. चार, आठ, दोन. रुपराव पेन्सिल कागदावर टेकवून बसून राहिला. डब्यावरचा नंबर पाच आकडी, म्हणजे अजून दोन यायला हवेत, आणि ते येणारच, कारण गेली तीस वर्षं ते येत आले होते. मालगाडी यार्डात लागली की तिच्या कडेनं शेवटच्या डब्यापर्यंत चालत जायचं आणि प्रत्येक डब्याचा नंबर टिपून आणायचा, ही त्याची नोकरी. रेल्वेत याला नंबरटेकर म्हणतात. बाकीचे नंबरटेकर वही हातात घेऊन, डब्यापुढे थांबत थांबत लिहीत. रुपराव मात्र हात मागे बांधून, लग्नघरच्या व्याह्यासारखा, एकेका डब्याकडे नुसता बघत जायचा आणि केबिनमध्ये येऊन वीस-बावीस नंबर एका दमात उतरवायचा. नव्यानं बदलून आलेल्या माणसाला यार्डातले लोक जसा पाण्याचा नळ आणि चहाची टपरी दाखवत, तसा रुपरावही दाखवत. आता केबिनच्या खिडकीतून ती गाडी समोरच दिसत होती. दोनशे पावलं टाकली असती तर अठरावा डबा पुन्हा वाचता आला असता. पण रूळ बदलणारा पॉइंट्समन बिडी ओढत तिथंच उभा होता, आणि त्यानं विचारलं असतं, का जी, काय राह्यलं? हे एवढं ऐकायला लागू नये म्हणून रुपरावनं तीन आकड्यांपुढे एक आणि सात असे दोन आकडे आपल्या मनानं लिहिले. बाकीचे चार डबे मग सुरळीत आले. त्यानं कागद दिला, हात धुतले, चहा घेतला. चहाला चव नव्हती.

तिसऱ्या दिवशी ओमप्रकाशनं त्याला बाजूला घेतलं. ओमप्रकाश ऑफिसातला ट्रेन क्लार्क, बोलायला तिखट आणि मनानं मऊ. "रुपरावजी, आपने जो नंबर लिखा, वो डब्बा तो अपने यहाँ आयाच नहीं," तो म्हणाला. "और जो आया, वो कागज पे नहीं है. संतरे का डब्बा था, कलकत्ते का." कागदावर नसलेला डबा कोणी गाडीला जोडत नाही. गाडी निघून गेली होती आणि संत्र्यांचा डबा दोन दिवस मार्चच्या उन्हात, रिकाम्या डब्यांच्या रांगेत उभा होता. रुपराव तिकडे गेला तेव्हा लांबूनच वास आला. आधी नुसता संत्र्याचा, ओळखीचा, आणि जवळ गेल्यावर त्याच्या आतून आंबलेला दुसरा. माशा होत्या. त्यानं नंबर वाचला. अठ्ठेचाळीस हजार दोनशे नव्वद. म्हणजे नऊ आणि शून्य. नंबर वाचल्यावर 'अरे हो, हाच तर होता' असं काहीतरी आत होईल म्हणून तो थांबला. विसरलेलं माणसाला कोणी सांगितलं की तसं होतं. पण तसं झालं नाही. नव्वद त्यानं जन्मात पाहिले नव्हते. भीती वाटली ती तिथं, माशांच्या त्या आवाजात. विसरण्याची भीती नव्हे. विसरल्याची खूणसुद्धा राहिली नव्हती, त्याची भीती.

"मैंने लिख दिया, नंबर मिटा हुआ था," ओमप्रकाश म्हणाला. "कोई पूछेगा नहीं." मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी हलक्या आवाजात, "अब लिख लिया करो, रुपरावजी." हे त्यानं मायेनंच म्हटलं, आणि तेच रुपरावला सोसेना. ड्युटी संपायला तास होता तरी तो सायकल काढून निघाला. घर पाचपावलीत, सरळ रस्ता होता. पण सायकल इतवारीकडे वळली, आणि वळली ते त्याला हातगाड्यांच्या गर्दीत शिरल्यावरच कळलं. तो उतरला. वाटेत तो मनातल्या मनात म्हणत आला होता: त्र्याहत्तर, त्र्याण्णव, एक्याण्णव, तेहतीस. हे तो रोज म्हणायचा. कोणी देवाचं म्हणतं, कोणी वंदना म्हणतं, रुपराव सकाळी अंगावर पाणी घेताना वंदनेनंतर हा आकडा म्हणायचा. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. पण असा तो म्हणायचा नाही, कारण असं म्हटलं की तो लोकसंख्येसारखा वाटतो. जोड्याजोड्यांनी म्हटला की तो त्याचा होता. आज म्हणताना एक्याण्णवनंतर किंचित थांबावं लागलं. थांबावं लागलं, की त्यानं स्वतःच थांबून बघितलं, हे त्याला ठरवता येईना.

हा आकडा त्याला कोणी दिला नव्हता. यार्डात वाट बघण्यात आयुष्य जातं. इंजिन येईपर्यंत, सिग्नल पडेपर्यंत, मुकादमाचं जेवण होईपर्यंत. त्या वेळात तो डब्यांचे नंबर भागून बघायचा. याला तिनानं भाग जातो, याला सातानं. कधी एखादा डबा असा यायचा की त्याला कशानंच भाग जायचा नाही, एकानं आणि स्वतःनं सोडून. मूळ संख्या. तसा डबा दिसला की रुपरावचा दिवस बरा जायचा. त्याला हे शाळेत नत्थूजी मास्तरांनी शिकवलं होतं. पाटीवर एकापासून शंभरपर्यंत लिही, दोनाच्या पटीतले खोड, तिनाच्या पटीतले खोड, पाचाच्या, साताच्या. जे उरतील त्यांना कोणी तोडू शकत नाही. रुपराव दाराजवळ वेगळ्या तरटावर बसायचा. बाकीच्या पोरांच्या पाट्या नत्थूजी हातात घेऊन तपासत. रुपरावनं आपली पाटी दोन्ही हातांनी उंच धरायची. नत्थूजी लांबूनच वाचत, आणि गणित बरोबर असलं की लांबूनच मान हलवत. मास्तर चांगले होते. चांगले होते, असंच रुपराव अजून म्हणायचा, आणि म्हणताना त्याचे दंड भरून यायचे, पाटी अजून वरच धरल्यासारखे.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात कधीतरी त्याच्यापुढून एक डबा गेला, ७३९३९. मूळ आहे हे त्याला माहीत होतं. मग सहज त्यानं शेवटचा नऊ बोटानं झाकावा तसा मनानं झाकला. ७३९३, मूळ. तीन झाकला. ७३९, मूळ. ७३. ७. उजवीकडून एकेक आकडा पडत गेला आणि दर वेळी जे उरलं ते अख्खंच होतं. कशानंच तुटत नव्हतं. रुपराव पाठीमागे हात बांधून उभाच राहिला आणि पुढचे सहा डबे त्याच्या नजरेखालून न वाचताच गेले. तेवढ्या एका गाडीला त्याला परत चालत जावं लागलं होतं, पण ते आनंदानं, म्हणून तो धरत नसे. मग त्यानं उलटं सुरू केलं, आकडे जोडायला. पुढे एक जोडला: ७३९३९१, मूळ. त्यापुढे तीन. त्यापुढे आणखी तीन. अशी आठ आकडी संख्या मूळ आहे हे ठरवायला आठ हजार सहाशेच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, आणि त्या हजाराच्या वर भरतात. जुन्या फॉर्मांच्या पाठीवर तो भागाकार करायचा आणि झाले की चुलीला द्यायचा. त्याच्यापुढे मग काही लागेना. एक किंवा सात लावला तर लगेच तिनानं भाग जातो. तीन किंवा नऊ लावून बघितला तर शंभराच्या आतल्या एकाही मूळ संख्येनं भाग जाईना. रुपरावला वाटलं, वाढतोय आपला आकडा. पण पुढे खणत गेल्यावर तेही दोन्ही तुटले. दोन, तीन, पाच, सात, चारही मुळांपासून निघालेल्या सगळ्या फांद्या त्यानं शेवटापर्यंत जाऊन पाहिल्या. असं सगळं कुटुंब मिळून त्र्याऐंशी संख्यांचं होतं, आणि त्यात त्याचा आठ आकडी सगळ्यांत मोठा. आठ वर्षं लागली. कोणाला सांगायचं? नत्थूजी वारले होते. आणि खरं तर सांगायचंच नव्हतं. पाटी कोणापुढे उंच धरायची नव्हती.

ज्या वर्षी हे पुरं होत आलं, त्याच वर्षी त्याचा बाप विसरत चालला होता, आणि या दोन गोष्टी एकाच खोलीत होत होत्या. धोंडबा जन्मभर मागावर बसलेला माणूस, लुगडी विणायचा. आधी त्याचं काल काय जेवलो ते गेलं. मग नात प्रेमिला, तिचं नाव गेलं. मग रुपरावची नोकरी गेली, ड्युटीचा शर्ट घालून निघालेल्या रुपरावला तो विचारायचा, "शाळेत काहून नाही गेला गा आज?" घरात हसायचे. मग छप्पन्न साल गेलं. तेव्हा कोणी हसलं नाही. छप्पन्नच्या त्या दसऱ्याला बाप आणि लेक पांढरे कपडे घालून दीक्षेला बरोबर गेले होते, लाखो माणसांत उभे राहिले होते, आणि परत येताना बा इतवारीच्या मधोमध चालला होता, रस्त्याच्या अगदी मधोमध, हातगाडीवाला ओरडला तरी बाजूला न होता. त्या चालण्यासकट ते साल त्याच्यातून निघून गेलं. रुपरावला ते कळलं ते इथंच, जिथं तो आता सायकल धरून उभा होता. भांड्यांच्या गल्लीत. एक लोटा घ्यायचा होता म्हणून तो बाला घेऊन आला होता. गल्लीच्या तोंडाशी बानं चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि नालीच्या कडेनं, भिंतीला अंग न लावता, तापलेल्या फरशीवरून चालू लागला. दुकानाच्या पायरीपासून पाच-सहा हात लांब उकिडवा बसला. दुकानातला चंपतराव तरणाताठा माणूस, तोच ओशाळला. "अरे बाबा, वर या न," तो म्हणाला. बा उठेना. आणि रुपराव ओरडला. भर बाजारात, जेवढा आवाज होता तेवढ्यानं. "बा! चप्पल घाल! काय करून राहिला हे?" त्यानं बाचा दंड धरून ओढला. बानं वर पाहिलं. पांढरी पँट, पांढरा शर्ट, खिशाला पेन. आणि आपल्या पोटच्या पोराला तो म्हणाला, "हो जी, मालक."

लोटा घेतला नाही. बाला तसंच अनवाणी घरी आणलं, चपला सगळा रस्ता बाच्या हातात. त्यानंतर रुपरावनं बाला बाहेर नेलं नाही. त्याच संध्याकाळी रुपराव भागाकाराला बसला. त्याला आठवतं, पाच हजार तेवीसनं भागत होता, आणि बाजूच्या खाटेवर बा हवेत हात हलवत होता, डावा, उजवा, डावा. रुपराव मान वर न करता भागत राहिला. पुढे बाचं बोलणं गेलं. नुसते हात राहिले. नऊ वर्षं झाली आता बा जाऊन. भांड्यांच्या दुकानांत तेव्हा पितळ होतं, आता बरंचसं स्टील आहे, फरशी तीच. रुपरावनं आपल्या पायांकडे पाहिलं. पायांत बूट होते, रेल्वेचे, काळे, वर यार्डाची धूळ. आकडे पडतात तर पडोत. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, वही घेऊन फिरू. पण नव्वद गेले तसं एक दिवस आजचं साल जाईल, मग प्रेमिलाचं लग्न, मग छप्पन्न. आणि त्याच्या खाली काय आहे ते त्याला ठाऊक होतं. तरट होतं. वर धरलेली पाटी होती. चौतीस वर्षांचा होईपर्यंत त्यानंही चपला काढल्या होत्या. बाच्या आतून जे निघालं तेच आपल्या आतून निघेल, आणि ते बघायला आपण नसू. याचं त्याला इतकं भय वाटलं की मागून आलेल्या हातगाडीवाल्यानं, "ओ भाऊ, सरका न जी," म्हटलं तेव्हा तो झटकन सरकला, थेट नालीपर्यंत, आणि मग आपण का सरकलो, गर्दी म्हणून की कशानं, याचा विचार करत तिथंच राहिला.

घरी कौसल्या अंगणात मुंगवड्या गोळा करत होती. दिवसभर उन्हात वाळलेल्या वड्या धोतराच्या फडक्याला चिकटल्या होत्या, त्या ती खालून बोटानं ढकलून सोडवत होती. चौतीस वर्षांच्या संसारात नवरा उजेडी घरी आला की एक तर ताप असतो किंवा रेल्वेचा संप, एवढं तिला कळत होतं.

"आज लौकर?"

"कौसल्ये, माह्या डोक्यातून आकडे पडून राहिले."

"आकडेच न? मले वाटलं, तुमीच पडले सायकलीवरून."

तो हसला नाही, तेव्हा तिनं फडकं खाली ठेवलं. तो खाटेच्या कडेवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. अठरावा डबा, एक आणि सात, संत्र्यांचा वास, ओमप्रकाश. मग, जे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, तेही. "एक आकडा हाय माह्याजवळ. तोबी जाईन आता. तुले सांगून ठेवतो." त्यानं सुरुवात केली. त्र्याहत्तर. त्र्याण्णव. मग एक्याण्णव आलं. आणि त्यापुढे जागा रिकामी होती. खोटं नाही, ठरवून थांबणं नाही, रिकामी.

"तेहतीस," कौसल्या म्हणाली.

"तुले कसा मालूम?"

"अवं बाप्पा! वीस वर्षं न्हाणीतून आयकून राहिली मी. तुमी तिकडं पानी वता आन् इकडं माह्या पोया होते. तो तेहतीस बरोबर तांब्या आदळून म्हनता." ती पुन्हा वड्या सोडवू लागली. "माह्या आपरेशनच्या टायमाले डॉक्टर म्हने, बाई, आकडे मोजा. नाकावर ते लावलं न. मले शंभरपर्यंत मोजाले काय येत नाही? पन भेव वाटलं, तं हाच आला तोंडात. त्र्याहत्तर, त्र्यान्नव. डॉक्टर नर्सले म्हने, हिले चढली लवकर."

आता मात्र रुपराव हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. त्यानं तिला समजावून सांगितलं, हा आकडा काय आहे ते. शेवटून एकेक काढत जा. काहीही काढलं तरी उरलेला तुटत नाही. शेवटी सात उरतो, तोही तुटत नाही. कौसल्या शाळेत गेली नव्हती, पण बाजारात तिला कोणी फसवू शकत नसे. तिनं जरा विचार केला.

"आन् समोरून काढला तं?"

"मंग मोडते. समोरून काढत काढत एकशेतेहतीस उरते. त्याले सातानं भाग जाते, एकोनीसानं जाते."

"म्हन्जे पयलेचं राह्यलं पायजे."

"पयल्याचंच तं भेव हाय मले," रुपराव म्हणाला, आणि एकदा बोलायला लागल्यावर त्याला थांबता आलं नाही. "माह्या पयल्यात काय हाय वं? बाचं पायलं न तू? छप्पन गेलं, आन् रस्त्यात चपला काढून हातात. पोराले मालक म्हने. तसाच मी होईन. तुले मालकीन म्हनीन, दाराबाहेर बसीन."

फडक्यावर वड्यांचे ओले, पिवळट डाग राहिले होते. कौसल्या त्यांवरून हात फिरवत होती. "मामंजीचे हात चालत न, शेवटी," ती मग म्हणाली. "डावा-उजवा. तुमी भागाकार करत बसत. मी एक डाव इचारलं, मामंजी, काय विनून राहिले? बोलनं तवा थोडं होतं. म्हने, लुगडं. म्हटलं, कोनाचं जी? तं म्हने, मायचं. काठ कोनता? म्हने, लाल. रोज थोडं थोडं विने. घास भरवताना मी इचारो, किती झालं? तं हातानं दाखवे, इतकं झालं. कंटायला नाही कधी. मोडलेला मानूस असा बसत नाही जी."

रुपरावला हे माहीत नव्हतं. त्याच खोलीत, चार हातांवर, तो पाच हजार तेवीसनं भागत होता आणि बा आपल्या आईचं लुगडं विणत होता. बाच्या आईला रुपरावनं पाहिलेलंही नव्हतं. बा सात वर्षांचा असताना ती गेली. म्हणजे चपला काढण्याच्या खालीही काहीतरी होतं. त्याला वाटलं होतं, चपलाच शेवटच्या आहेत. ते त्यानं उगीचच धरून ठेवलं होतं, आणि नऊ वर्षं बाचं ते एकच चित्र जपलं होतं, उकिडवं बसलेलं. भागाकार पूर्ण न करता मध्येच उत्तर लिहिल्यासारखं.

"आन् चपलाचं काय घेऊन बसले?" कौसल्या म्हणाली. आवाजात जरा राग होता, आणि तो राग जुना असावा. "तुमी इतवारीतून वापस आनले, आन् मंग ड्युटीवर जात. मी त्यायले घेऊन रोज चौकापर्यंत जात होती. दारातच काढत. मी खाली बसो आन् घालून देओ. चार पावलं गेले का पुन्ना काढत. मी पुन्ना घालो. दहा डाव काढत, दहा डाव घालो. लोकं पाहत. पाहू दे. तुमी काढसान तं तुमालेबी घालीन, न काय."

ती उठली, वड्या सुपात भरल्या, आणि आत जाता जाता उंबऱ्यात थांबून, कामाचं सांगितल्यासारखं म्हणाली, "उद्यापासून वही नेत जा."

"नेईन," रुपराव म्हणाला. तो वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला आणि अर्ध्यातच थांबला. आतून कौसल्याचा आवाज येत होता, डब्याच्या झाकणाचा, भांड्याचा. इतवारीत त्या दिवशी चपला बाच्या हातातच होत्या. त्या घ्यायच्या, खाली बसायचं, आणि एक पाय, मग दुसरा पाय. त्याला फार तर मिनिटभर लागलं असतं.